एकतीस नंबरची अर्धी भाकरी

"खोड ते. माझ्यासमोर खोड."

डॉक्टरसाहेबांनी तक्ता माझ्यापुढे आपटला. दुष्काळी कामावरच्या चाळीसेक बाया खडीच्या ढिगाशी बसून बघत होत्या. माझ्या हातात पेन्सिल.

"घरातल्या बाईसाठी खोटं लिहिलंस ना? तुला लिहायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. संशोधनाला खोट चालत नाही. खोड."

मी 'अर्धी' खोडलं.

"आता लिही, दोन. आणि मोठ्यानं वाच."

"नंबर एकतीस. भाकरी, दोन."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांनी परत वाचायला लावलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तरीनबाई नापास झाल्या गं!" बाया हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

एकतीस नंबर म्हणजे कौसा. माझी धाकटी जाऊ. पाचवा महिना होता तिला.

साहेब शहरातल्या मोठ्या कॉलेजात डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवायचे. बायकांच्या अंगातलं रक्त कमी का होतं, याचा त्यांचा शोध चालला होता. दर पंधरा दिवसांनी जीपमधून यायचे. त्यांना गावातली लिहिता येणारी बाई पाहिजे होती. मी चौथी पास. परक्या माणसापुढे माझा शब्द फुटत नाही, हे सरपंचांनी त्यांना आधीच सांगितलं. साहेब म्हणाले, "मग तर फारच छान."

बाया ओळीनं यायच्या. साहेब अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, बोटाला सुई टोचायचे, थेंब काचेवर घ्यायचे. मग मी विचारायचं, काल किती खाल्लं? आणि सांगतील ते लिहायचं. एका भाकरीच्या आत खाणारीला रक्ताच्या गोळ्या आणि दुधाची पावडर. पुरेसं खाणारीला काही नाही. तिचं रक्त नुसतं बघत राहायचं.

"हे बायांना कळता कामा नये," साहेबांनी मला बजावलं होतं. "नाहीतर सगळ्या खोटं सांगतील."

बाया खोटं सांगतच होत्या. पण उलटं. मी विचारायची तेव्हा मागं सासू उभी असायची, नणंद असायची, शेजारीण कान टवकारून असायची. त्यांच्यादेखत अर्धी खाल्ली म्हणायचं म्हणजे, घरचे मला उपाशी ठेवतात, असं गावाला सांगायचं. कोण सांगेल? दोन खाल्ल्या. दोन खाल्ल्या की. एकीनं तर वर कालवणही सांगितलं. तिच्या घरी महिनाभर तेलाचा थेंब नव्हता. मी लिहीत गेले.

कौसाच्या वेळी मात्र हात वळेना. तिची भाकरी रोज माझ्या डोळ्यांपुढे होती. पुरुषांचं, पोरांचं झालं की टोपल्यात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची एखादी भाकरी उरायची. ती आम्ही दोघी मोडून घ्यायचो. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, 'मी मागनं खाते' असं म्हणून बाहेर जाऊन बसायच्या. कौसाची नखं मधे खचली होती. चुलीची माती खाताना मी तिला दोनदा धरलं होतं. म्हणून तिनं "दोन" सांगितलं तरी मी 'अर्धी' लिहिलं.

साहेबांनी तक्ता तपासला. कौसाचं 'दोन' त्यांनी ऐकलं होतं. कौसाला बोलावलं. समोर आत्याबाई खडी फोडत होत्या, त्यांचा हातोडा थांबला. कौसा पदर दातात धरून म्हणाली, "दोन खाल्ल्या की सायेब. माज्या घरी काय कमी हाय?"

पुढचं वर लिहिलंच आहे.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "घराची अब्रू येशीला टांगलीस." त्याचं मला काही वाटलं नाही. पण पीठ मळताना कौसा हळूच म्हणाली, "अक्का, असं कशाला लिवलं गं? लोक काय म्हनतील?"

तेव्हा सांगता आलं असतं. अगं, गोळ्या मिळतात. पुढच्या खेपेला खरं सांग. एवढंच. दोघीच होतो. मला साहेबांचा चेहरा दिसला, हसणाऱ्या बाया दिसल्या. मी म्हणाले, "चुकलं माझं."

आठव्या महिन्यात कौसा गेली. रक्त थांबेना. बैलगाडी तिसगावच्या दवाखान्याच्या वाटेवरूनच माघारी फिरवली. मूलही गेलं. गाडीतली वाकळ मी धुतली. पाणी कमी होतं, डाग पुरता निघाला नाही. आता भाकरी थापायला बसले की शेजारी कुणीतरी पीठ मळत असतं. मी मान वळवत नाही. ती परत तेच विचारील, आणि माझ्या तोंडून परत तेच येईल, याची भीती वाटते.

पुढच्या खेपेला साहेब दोन पाहुणे डॉक्टर घेऊन आले. तक्ता उघडून त्यांना म्हणाले, "ही एकतीस बघा. आहार पुरेसा, तरीही गेली. म्हणजे कारण खाण्यात नाही." मग मला म्हणाले, "पुढं लिही, मृत."

मी लिहिलं नाही.

"सायेब, तिनं अर्धीच खाल्ली हुती."

"पुन्हा तेच? आणि एका बाईनं काय फरक पडतो?"

"एक न्हाई. समद्याच खोटं सांगत्यात. सासूम्होरं कोन खरं सांगंल? तुमचं इचारनंच चुकलं."

एक पाहुणा हसला. "घ्या! चौथी पास बाई तुम्हाला संशोधन शिकवतेय."

साहेब हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "आकडे तुझ्या अक्षरात आहेत, बाई. मला अडकवायला जाशील तर आधी तूच अडकशील."

"व्हय. माज्याच अक्षरात हायेत."

मी पेन्सिल तक्त्यावर ठेवली आणि चालत सुटले. त्याच बाया बघत होत्या. हसल्या की नाही, मी पाहिलं नाही.

त्यानंतर मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. टँकरची वाट बघताना, शेण्या थापताना. लेकीच्या जुन्या वहीत लिहिलं, नंबर न घालता, नावानं. अर्धी. पाव. एकजण म्हणाली, "काल एकादशी हुती बाई. आन् परवाबी एकादशीच हुती." दोघी हसलो. तेही लिहिलं.

शेवटी घरात कुणी नसताना आत्याबाईंना विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई आजवर," म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून, "मागनं खाते म्हनायची. मागं काय उरत हुतं?"

मी लिहून घेतलं. त्यांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

साहेब दोन महिने झाले, आलेले नाहीत. त्यांचा शोध छापून येणार आहे, असं सरपंच सांगतात. म्हणजे मी लिहिलेले 'दोन'चे आकडे छापले जाणार. ते वाचून आणखी कुठले डॉक्टर म्हणतील, कारण खाण्यात नाही. ही वही घेऊन मी शहरात, साहेबांच्या कॉलेजात जाणार आहे. नगरला गाडी बदलावी लागते, एवढं विचारून ठेवलंय.

पण त्याआधी डोंगरापलीकडे, कौसाच्या माहेरी जायचंय. तिच्या आईपुढे बसून सांगायचंय. गोळ्या होत्या. मला माहीत होतं. मी बोलले नाही. ती मारील तर मारील.

मग शहराची गाडी. साहेबांनी माझं अक्षर माझ्यापुढे धरलं, तरी ते 'दोन' माझंच, हे तोवर मी कौसाच्या आईला सांगितलेलं असेल.