तोफमास्तरांचा युद्धविरोध

युद्धाला शिंपीमास्तरांइतका विरोध अख्ख्या गल्लीत कोणाचा नव्हता, आणि भांडणंही त्यांच्याइतकी कोणाची नव्हती. म्हणून लोक त्यांना तोफमास्तर म्हणत. पाववाल्याशी अबोला, घरमालकाशी अबोला; सख्ख्या मेव्हण्याशी तर इतका जुना अबोला, की कारण दोघंही विसरले होते.

अशा माणसाच्या मुलीने नवरा शोधला तो फौजी.

"वर्दीत नवरदेव उभा राहिला तर मी चर्चची पायरी चढणार नाही," मास्तरांनी जाहीर केलं.

पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. "नका चढू. मी एकटी चालत जाईन." तेव्हापासून ती बापाचं ताट समोर नुसतं आदळत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब नवा झगा घालून बघायला आले. मास्तरांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि बगलेत टाचण्या खोचता खोचता तोफ डागली.

"येशूने शिष्याला तलवार म्यानात घालायला लावली. खरं की खोटं?"

"खरं, पण... आई गं!"

"हलू नका. मग फौजेला आशीर्वाद कुठल्या तोंडाने देता?"

"अहो, शेजारणीच्या घरात दरोडेखोर शिरला तर खिडकी लावून प्रार्थना करत बसायचं? तिला वाचवणं हीसुद्धा प्रीतीच. पण अशा लढण्याला लगाम आहे. मनात द्वेष नको. भलं करायला जाऊन जास्त वाईट व्हायला नको. आणि आधी बोलून बघायचं. सगळे उपाय थकले, तरच हत्यार."

"उपाय थकले नव्हते असं आजवर कोणता राजा म्हणालाय? लगाम तुम्ही घोड्याच्याच हातात दिलाय!"

हे पाळकसाहेबांना टाचणीपेक्षा खोल लागलं. "ते मात्र खरं आहे," ते म्हणाले.

मास्तरांची छाती फुगली. तेवढ्यात कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बायकोने दाताने दोरा तोडला.

"बोलून बघायचं म्हणालात ना, पाळकसाहेब? तो पोरगा समोर बसलेला असतो आणि आमचे हे मला सांगतात, 'त्याला म्हणावं, पंखा बंद कर.'"

"तू मध्ये पडू नकोस."

"मधेच तर पडलेय इतके दिवस! द्वेष पोतंभर, पोर रडून अर्धी झाली, आणि बोलणं? शून्य. पाळकसाहेबांच्या सैल मापातसुद्धा तुमचं युद्ध बसत नाही. आणि तुम्हाला तर म्हणे युद्धच मान्य नाही!"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि तडक ओट्यावर गेले. तिथे होणारा जावई सासूची भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो ताडकन उभा राहिला.

"लढाई पाप आहे," मास्तर खेकसले. "मरेपर्यंत हेच म्हणणार."

"म्हणा, काका. मला पटणार नाही."

"पटवीन. रोज येऊन पटवीन. लग्न झालं म्हणून सुटशील असं समजू नकोस."

आतून पाळकसाहेबांचा आवाज आला, "मी हात खाली घेऊ का?"

"नाही!" मास्तर ओरडले.

दुसऱ्या दिवशी ते मुलीचा हात धरून चर्चमध्ये शिरले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. वेदीपाशी वर्दीतल्या जावयाला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सवयीने बायकोकडे वळले, "त्याला म्हणावं..."

बायकोने डोळे वटारले. मुलीची बोटं त्यांच्या हातात घट्ट झाली.

मास्तर पुन्हा जावयाकडे वळले.

"कॉलर वाकडी आहे तुझी," ते म्हणाले, आणि हात पुढे करून ती सरळ केली.