गाऱ्हाण्यातली नावं

देवाने गणपताचा आवाज सवडीने घडवला होता आणि स्वभाव घाईत. जामसंड्याच्या पलीकडे त्याची वाडी. तिथे कुणाच्याही घरी काही शुभ निघालं, की देवळात नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायचा मान त्याचाच. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवाला खणखणीत सांगायचं, की अमक्याचा अमका कामाला निघालाय, त्याच्या घरात असं असं आहे, त्याला सांभाळ. त्यात आडपडदा ठेवायचा नसतो. नाव सांगितलं नाही तर देव भलत्याच्याच घरी जाईल, अशी जुनी समजूत. म्हणून गणपत नाव, गाव, बोट, बाळंतपण सगळं ओतायचा, आणि दर वाक्याला वाडी ओरडायची, “होय म्हाराजा!”

शेजारच्या मथुरेचा मुलगा ओमकार सुट्टी संपवून बोटीवर परत निघाला, तेव्हाही गणपताने असंच ओतलं. “बा देवा म्हाराजा, ह्यो मथुरेचो झील ओमकार बोटीर चाललो आसा. सिंगापुरात बोट धरतलो. घराकडे म्हातारी आवस आणि बायल रिया. तिका सातवो म्हयनो लागलो आसा. सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!”

गणपताचा पुतण्या दीपेश मोबाईलवर हे सगळं टिपत होता. संध्याकाळपर्यंत त्याने ते इंटरनेटवर चढवलंसुद्धा. “काका, तू फेमस झालंस,” म्हणाला. गणपत चार दिवस मिशीला पीळ देत हिंडला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं होतं.

मग मथुरेला फोन आला.

मथुरा कशी, तर माशाचे कल्ले उचकटून बघितल्याशिवाय बांगडासुद्धा न घेणारी. तिला कोण फसवणार? पण फोनवरचा माणूस हळू, गोड बोलला. “मावशी, ओमकारच्या कंपनीतून बोलतोय. सिंगापूरला बोटीवर पडलाय तो. लगेच ऑपरेशन करायचंय. रियाताईंना सांगू नका, सातवा महिना आहे त्यांना. तुमच्या मोबाईलवर आता एक नंबर येईल, तेवढा सांगा.”

मुलाचं नाव बरोबर, बोट बरोबर, सुनेचं नाव बरोबर. तिने नंबर सांगितला. संध्याकाळी ओमकारचा नेहमीसारखा हसत फोन आला, तोवर त्याने बाळंतपणासाठी आईच्या खात्यात ठेवलेलं सगळं साफ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. मथुरा तरातरा आली आणि सगळ्यांदेखत गणपतासमोर उभी राहिली. एरवी ती त्याला भावोजी म्हणायची.

“गणपत! माझ्या घरातली गोष्ट त्या मेल्याक कोणी सांगितल्यान? देवान काय तू?”

“तुझी मत फिरली काय गो?”

“ह्यां देवाक सांगूक म्हणान तुका सांगितलेलां. इकलंस तू माका! किती मिळाले?”

पुढे दोन दिवस मथुरा दारोदार हेच सांगत हिंडली. आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. एका घरच्या गृहप्रवेशाला लोकांनी थेट फोंडाघाटाहून माणूस आणला, पण शेजारच्या गणपताला बोलावलं नाही. तो दाराआडून तो परका आवाज ऐकत बसला आणि दातओठ खात राहिला.

तिसऱ्या दिवशी रियाने सासूला ओढत पोलीस ठाण्यात नेलं. तिथला हवालदार कपाळावर हात मारून म्हणाला, “१९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन का नाही केलात? पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले असते.” मथुरा काय सांगणार? बैल गेला आणि झोपा केला. खाली मान घालून ती फोनवरचं बोलणं सांगू लागली आणि रियाने तिला मध्येच थांबवलं.

“सातवो? आई, माका पाचवो आसा.”

रिया तिथून तडक गणपताच्या दारापुढच्या खळ्यात आली. त्याच्या हातात मोबाईल देऊन तिने त्यालाच त्याचं गाऱ्हाणं ऐकवलं. “काका, अख्ख्या वाडीत सातवो म्हणालात ते तुमी एकटे. त्या चोरान तुमची चूकसुद्धा चोरल्यान.”

आपण विकलं नाही हे सिद्ध झाल्यामुळे गणपताचा जीव क्षणभर हलका झाला. पण आपल्याच तोंडून गेलं, हे कळल्यावर तो पेटला. दीपेशची गचांडी धरली. “काढ तां! आत्ताच्या आत्ता!”

“काका, लोकांका आवाडता. आता काढून काय उपेग?”

“काढतंस, काय मोबाईल खाडयेत टाकू?”

दीपेशने काढलं आणि काकाशी बोलणं टाकलं. गणपत मथुरेच्या दारात गेला. तिने सगळं ऐकून घेतलं, “म्हणजे तोंड तुझांच होतां,” म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रियाला मुलगी झाली. बाळाला देवाला दाखवायची वेळ आली तेव्हा मथुरा गणपताच्या खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, आत पाऊल न टाकता. “गाऱ्हाणां घालूक व्हयां. दुसरो कोण नाय, म्हणान इलंय.”

देवळात गणपताने नारळ उचलला. दीपेशने मोबाईल उचलला. मागून आणखी चार वर आले.

“पयले ते खिशात.”

कुरकुर झाली. गणपत नारळ धरून तसाच उभा राहिला. शेवटी मोबाईल खाली गेले.

“बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू कोणाचां, तेचो बापूस खंय, तुका सगळां म्हायत आसा. मी आज नाव घेवचंय नाय.”

कुणीच ‘होय’ म्हणेना. बिननावाचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं होतं? मागून एकाने बाळाचं नाव कुजबुजून पाहिलं. गणपताने मान वळवली नाही.

“आमच्या आयाबायांका येवडी बुद्धी दी म्हाराजा. घाबरवणारो फोन इलो तर तो कापूंदेत आणि आपल्या माणसाक आपण फोन लावूंदेत. मोबाईलवर इलेलो नंबर कोणाक सांगू नयेत, तुझ्या नावान मागलो तरी. आणि ज्या मेल्यान ह्या लेकराच्या तोंडचो घास ओढल्यान, तेचां वाटोळां कर!”

“होय म्हाराजा!” एकटी मथुरा ओरडली. मग सगळी वाडी.

गणपताने नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. मथुरेने तो घेतला, बाळाच्या ओठांना टेकवला.

“नाव घेतलंस नाय, बरां केलंस गणपत,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. भावोजी म्हणाली नाही.