चोवीस पेट्या आणि एक गेज

एकाहत्तरच्या लढाईत माझी पोस्टिंग जबलपूरच्या डुमना विमानतळावर होती. युनिट पूर्वेला गेलं आणि मला मागे ठेवलं, कारण मी इथलाच, रस्ते पाठ, कारखान्यांतली माणसं ओळखीची. मी हवलदार होतो. दारूगोळ्याच्या कारखान्यातून ट्रकने आलेला माल उतरवायचा, मोजायचा, विमानात चढवायचा, सही घ्यायची, एवढंच काम. मला त्याचा फार राग यायचा. पोरं लढतायत आणि मी हमाली करतोय, हे रोज जेवताना मनात यायचं.

टर्मिनल म्हणजे एक हॉल. चार बाक, एक काउंटर, सामानाचा वजनकाटा आणि कोपऱ्यात चहावाल्याचा स्टोव्ह. भिंतीकडेने पूर्ण फेरी मारली की बासष्ट पावलं. धुक्यामुळे विमान अडकलं की लोक आधी घड्याळ बघत, मग चहा घेत, आणि शेवटी एकेक जण काट्यावर उभा राहून स्वतःचं वजन करी. वाढलेलं वजन कोणी मान्य करत नसे, काट्यालाच बोल लावत.

त्या दिवशी सकाळी सात दहाला ट्रक आला. चोवीस पेट्या, तोफगोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा फुटवणारी कळ. पूर्वेला एका बॅटरीच्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीच्या, तोफा त्यांच्यासाठी खोळंबल्या होत्या आणि सकाळपासून दोनदा वायरलेस आला होता. एस्कॉर्ट होता लान्स नायक शेलार, साताऱ्याकडचा, तेवीस वर्षांचा. तो पेट्यांबरोबर थेट बॅटरीपर्यंत जाणार होता. कारखान्यात माल तपासणारे एक्झामिनर देवकाकाही आले होते. जबलपूरच्या सदर भागात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. वाटेत खड्ड्यांनी एखादं सील तुटलं तर ते पुन्हा लावायला एक्झामिनर पक्कड आणि शिशाची सिलं घेऊन विमानापर्यंत येई, अशी पद्धत होती.

विमान धुक्यात अडकलं होतं. काका बाकावर बसले. वेळ जात नसला की खिशातलं गेज बोटांत फिरवायची त्यांची सवय होती. गेज म्हणजे फ्यूजचे आटे बरोबर बसतात की नाही ते तपासायची पोलादी कडी. नऊ वीसला त्यांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं, काका?"

"गेज नाही रे."

"टेबलावर राहिलं असेल."

"टेबल मी पुसून निघालो. सकाळी साऱ्या पेट्यांवर शेवटचा हात फिरवला, तेव्हा हातात होतं. ट्रकवाला 'चलो, चलो' करून राहिला होता. झाकणं लावली, सिलं मारली. पेटीतच गेलं ते."

काम संपलं की गेज खिळ्यावर टांगून त्याच्या बदल्यात ठेवलेलं पितळी टोकन परत घ्यायचं, असा कारखान्याचा नियम. एरवी चूक तिथेच सापडली असती. त्या दिवशी काका ट्रकबरोबर तसेच निघाले होते.

पेटीत मोकळं लोखंड, विमानाचे हादरे आणि फ्यूज. पुढचं सांगायला नको. पेट्या उघडल्या तर विमान चुकण्याची भीती. खरं सांगतो, गप्प बसावं असं एक क्षण मलाही वाटलं. काकांनी तोंड उघडलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं.

"काहून सांगितलं म्हणशील," काका म्हणाले, "पण मला झोप नाही लागणार."

शेलार म्हणाला, "उस्ताद, त्या पेट्यांवर बसून मीच जानार हाय. उघडूया."

मी छावणीत आमच्या कॅप्टनसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "जहाज़ छूटा तो जवाब तू देगा. पेटी फटी तो भी तू. मौके पर तू है, तय कर."

मी उघडायचं ठरवलं.

टर्मिनलपासून दीडशे पावलांवर, झाडाखाली पेट्या नेल्या. विडी ओढणाऱ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि दारावर शिपाई उभा केला. शेलार पेटी आणी, मी झाकण काढी, काका फ्यूज एकेक उचलून बघत आणि पुन्हा सील मारत. थंडीने त्यांची बोटं वळत नव्हती. काखेत धरून गरम करत आणि पुन्हा पक्कड उचलत. एकदाही थांबले नाहीत.

अकरा पाचला विमान उतरलं तेव्हा अठरा पेट्या झाल्या होत्या. पायलट खाली आला.

"हवलदार, पंद्रह मिनट. फिर मैं चला."

"जी साब."

एकोणीस, वीस. एकविसाव्या पेटीत, तळाच्या फेल्टखाली गेज सापडलं. काकांनी ते कपाळाला लावलं. उरलेल्या तीन पेट्या न उघडता तशाच चढवल्या. शेलार काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आता बिनघोर झोपतो बघा पेट्यांवर." अकरा सव्वीसला विमान उडालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःहून फोरमनला सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली.

नवव्या दिवशी बातमी आली. बॅटरीत माणसं कमी होती म्हणून शेलार तिथेच थांबला होता. तोफेपाशी तो मारला गेला.

काका सायकलने डुमन्याला आले. बसले नाहीत.

"खरं सांग मला. आपलाच फ्यूज तर नव्हता? तीन पेट्या आपण उघडल्याच नाहीत."

मी बॅटरीच्या सुभेदारांना पत्र लिहिलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत काका वाळले. कारखान्यात प्रत्येक फ्यूज दोनदा तपासू लागले, असं कोणीतरी सांगितलं.

पत्र मी त्यांच्या ओट्यावर वाचून दाखवलं. शत्रूचा गोळा शेलारपासून चार पावलांवर पडला होता. तेव्हा तो आमच्या चोवीसांतलीच एक पेटी घेऊन तोफेकडे धावत होता. पेटी फुटली नाही. दुसऱ्या जवानाने ती उचलून तोफेला पोचवली. चोवीसही पेट्यांतला एकही फ्यूज फसला नाही.

"पुन्हा वाच," काका म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग ते तोंडावर उपरणं धरून मोठ्याने रडले. मीही रडलो, लपवलं नाही.

त्या दिवसानंतर मी स्वतःला हमाल म्हटलं नाही. आजही कोणी विचारतं, "हवलदारसाहेब, तुम्ही लढाई पाहिली का?" मी नाही म्हणतो. ज्याने पाहिली, त्या लान्स नायक शेलारला मी माझ्या हाताने विमानात चढवलं होतं.