बिनशब्दांचं रडणं

जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभर आत, पळसाच्या रानाला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा होता. त्या तांड्यातल्या हिरीबाईला पार मानोऱ्यापर्यंतचे लोक ओळखत, ते तिच्या रडण्यामुळे. बंजाऱ्यांत लग्न ठरलेल्या मुलीला रडायला शिकवतात. सासरी निघताना तिनं आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायचा असतो आणि तोही सुरात. हिरीबाई तो शिकवायची. कुणी गेलं की बायांच्या गोलात पहिला सूरही तीच धरायची. बापासाठी वेगळे शब्द, भावासाठी वेगळे, तान्ह्यासाठी वेगळे. सगळे तिला तोंडपाठ होते. तिनं तोंड उघडलं की बाकीच्या बायांना आपसूक हुंदका फुटायचा.

एकदाच तिला ते जमलं नव्हतं. नवरा सेवादास विहिरीच्या सुरुंगात गेला तेव्हा. शब्द ओठांतून पडत होते, बाया रडत होत्या आणि हिरीबाईला वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याचं चाललंय. तिच्या डोक्यात तेव्हा निराळाच आवाज होता, दगडावर दगड घासत न्यावा तसा. असलं गाणं कुणी रचलेलं नव्हतं. ही गोष्ट तिनं कुणाजवळ काढली नाही. हेमसिंग आणि रामी ही दोन लेकरं पदरात होती. ती रानातून मोळ्या आणून विकायला लागली.

चोपन्न सालच्या सुमाराला रामी लग्न होऊन मंगरूळपीरकडच्या तांड्यात गेली. त्याच हिवाळ्यात जऊळक्याला नवा तारबाबू आला, निजामुद्दीन. रेल्वेच्या क्वार्टरात तो आणि त्याची बायको बदरुन्निसा, दोघंच. तिची तीन लेकरं मातीआड गेली होती. नवरा दिवसभर स्टेशनात तारेची कट्कट करत बसायचा आणि ही पडद्याआड भिंतीकडे बघत. म्हणून निजामुद्दीननं तिला बॅटरीवरचा रेडिओ आणून दिला होता. लिंबावरून खिडकीपर्यंत त्याची तार ताणलेली होती.

हिरीबाई मोळी टाकायला गेली की बदरुन्निसा तिला चहा द्यायची. एका सांजेला ती चहा पीत ओट्यावर टेकली होती. आत बदरुन्निसा रेडिओचा कान पिळत होती. खरखर, बातम्या, परत खरखर. आणि मधेच एका बाईचा आवाज आला. शब्द नव्हते. असले तरी कळण्याजोगे नव्हते. आवाज वर चढायचा, तुटायचा आणि जिथं तुटला तिथूनच परत उठायचा.

हिरीबाईनं कप खाली ठेवला. "कोन मेलं, बीबी?"

"काय मालूम. बाहेरच्या मुलखातलं टेशन हाये. काटा या कोपऱ्यात नेला का असंच काहीबाही लागते."

"कायच्या भाषेत रडून राह्यली?"

"रडते का गाते, तेच समजत नाई मले."

त्या दिवसापासून हिरीबाई मोळी सांजेलाच न्यायला लागली. काट्याच्या त्या कोपऱ्यात रोज नवं काही निघायचं. कधी एकाच माणसाच्या नरड्यातून दोन आवाज, एक खर्जातला आणि एक शिट्टीसारखा. कधी नुसती लाकडं आपटणारी माणसं, शेकड्यानं असावीत. कुठला देश, कोण माणसं, दोघींनाही ठाऊक नव्हतं. लागलेलं स्टेशन दुसऱ्या दिवशी सापडेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून दोघी जीव कानात आणून ऐकायच्या.

एकदा मात्र बदरुन्निसा घाबरली. त्या सांजेला लागलं ते गाणंच नव्हतं. लोखंड करकरत होतं, पाणी ठिबकत होतं, आगगाडी चालल्याचा आवाज उलटा फिरवल्यासारखा येत होता आणि मधेच कुणाच्या बोलण्याचे तुकडे तुकडे करून पेरलेले.

"बंद करते मी," ती म्हणाली. "सैतानाचं काम हाये हे."

"राहू दे, बीबी." हिरीबाईनं तिचा हात धरला. "माह्या मालकाले खाटेवर आनलं ना, तवा माह्या डोक्यात हेच वाजत होतं. हेच. मले वाटलं, मले एकटीलेच आयकू आलं."

बदरुन्निसानं तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ते संपेपर्यंत दोघी बसून राहिल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी रामीच्या सासरहून माणूस आला. रामी बाळंतपणात गेली होती. पोरगं जगलं होतं.

हिरीबाई हेमसिंगसोबत बैलगाडीनं पोचली तेव्हा रामीला अंगणात ठेवलेलं होतं. बायांनी गोल धरला आणि सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. लेकीसाठीचे शब्द तिला पाठ होते. ते तिनं किती जणींच्या लेकींसाठी म्हटले होते. तिनं रामीच्या कपाळावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि ते शब्द तिला उष्टे वाटले.

मग तिच्या नरड्यातून घरघर निघाली. आधी नुसता श्वास, नंतर दातांवर दात, नंतर 'रामी' हे नाव. ते ती मोडायला लागली. 'रा' लांब ओढायची, मधेच तोडायची, 'मी' श्वास आत घेता घेता म्हणायची. होता होता नावात नाव राहिलं नाही, नुसते तुकडे राहिले. बायांचं रडणं थांबलं. एकीनं आपलं लेकरू उचललं आणि ती गोलातून उठून गेली.

"थांबवा हिले," रामीचा सासरा मोहनसिंग म्हणाला. "हे काय करून राह्यली ही?"

हेमसिंगनं आईचा दंड धरून तिला ओढलं. ती थांबली नाही. आवाज संपला तेव्हाच थांबली. सेवादास गेला तेव्हा जो दगड छातीवर बसला होता तो या वेळी बसला नाही. लेक गेल्याचं दुःख होतं, पण ते तिचं स्वतःचं होतं.

त्याच आठवड्यात रामीचं पोरगंही गेलं.

मोहनसिंग चार माणसं घेऊन हिरीबाईच्या तांड्यावर आला. नायक धरमसिंगनं नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसवली. मोहनसिंगचं म्हणणं सरळ होतं. पोरगं धडधाकट होतं, या बाईनं तो आवाज काढला आणि पोरगं आपल्या आईमागं गेलं.

"हिरीबाई," धरमसिंगनं विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं?"

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "कोनं नाई. रेडूतून आयकलं. तारबाबूच्या घरी."

"कोनाचं रडनं हाये ते?"

"मले काय माईत, नायक. लय दूरचे लोक हायेत."

माणसांत कुजबुज झाली. धरमसिंगनं हात वर करून ती थांबवली. "म्हंजे ज्याचं नाव नाई, गाव नाई, असे मेलेले तू आमच्या दारात आनले," तो म्हणाला. "आता लग्नाले नाई, मयतीले नाई, तुले कोनी बोलावनार नाई. तांड्यात तू गळा काढायचा नाई."

हेमसिंग माणसांत बसला होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोळी घेऊन क्वार्टरावर गेली. रेडिओ मुका होता. बॅटरी बसली होती आणि नवी अकोल्याहून यायची होती. बदरुन्निसानं सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाली, "मले करून दाखव."

"तुमच्या घरात नको, बीबी. लोक म्हनतात..."

"माह्या घरात आता मरायले कोन उरलं?"

हिरीबाईनं केलं. बदरुन्निसा आधी ऐकत राहिली, मग तिनं आपल्या तिन्ही लेकरांची नावं एकेक करून सांगितली. हिरीबाईनं ती तिन्ही तशीच मोडली. निजामुद्दीन कामावरून आला तो दारातच उभा राहिला. तो रागावला नाही. बायकोला इतकं रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. महिनाभरानं त्याची पूर्णेला बदली झाली. सामान डब्यात चढलं, बदरुन्निसानं बुरख्याआडून हिरीबाईचे हात धरले, आणि गाडी गेली. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही.

आता हिरीबाईला गळा काढायला एकच जागा उरली, रान. लाकडं तोडता तोडता ती आवाज काढायची. रेडिओतलं आठवेल तेवढं, आणि न आठवेल तिथं आपलं. कुऱ्हाडीचा घावही त्यात घ्यायची. कुणाला कळणार नाही असं तिला वाटत होतं. पण एका सकाळी नायकाची म्हातारी आई बेबीबाई काठी टेकत रानात आली आणि समोरच्या दगडावर बसली.

"माहा थोरला, उदयसिंग, पुरात गेला तवा तूच रडली होती," म्हातारी म्हणाली. "लय गोड रडली. मी घरी येऊन जेवली त्या दिवशी. मले अजून त्याची लाज वाटते. आता त्याच्यासाठी हे कर."

हिरीबाईनं कुऱ्हाड खाली ठेवली. म्हातारी शेवटपर्यंत बसली, डोळे कोरडेच. जाताना फक्त म्हणाली, "हं. असंच होतं ते."

मग आणखी बाया येऊ लागल्या. सरपणाचं निमित्त करून, एकेकट्या. कुणाचं तान्हं गेलेलं, कुणाची बहीण. एकमेकींशी त्या याबद्दल बोलत नसत. तरी गोष्ट फुटलीच. तांड्यात ताप आला, दोन पोरं दगावली, आणि माणसं हातात काठ्या घेऊन हिरीबाईच्या झोपडीसमोर उभी राहिली. धरमसिंगनं त्यांना अडवलं. हिरीबाईला वाचव म्हणून त्याच्या आईनं त्याचा सदरा धरून ठेवला होता. पण हिरीबाईला तांड्यात ठेवायची हिंमत त्यालाही झाली नाही. हेमसिंगनंच तिचं गाठोडं उचललं. स्टेशनापलीकडे, रुळांच्या कडेला त्यानं कुडाच्या चार भिंती उभ्या करून दिल्या.

"येत जाईन मी," तो म्हणाला.

"येऊ नको. तुह्या पोरीचं लग्न व्हायचं हाये," ती म्हणाली.

तिथं ती दोनेक वर्षं राहिली. खडी फोडायची, कोळसा वेचायची. गाडी येताना ती दाराशी उभी राहून गाडीच्या आवाजात आपला आवाज मिसळते, असं स्टेशनातले हमाल सांगायचे. ते तिला वेडी समजत, पण भाकर द्यायचे.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला आणि त्यातच ती गेली. हमालांनी निरोप दिल्यावर हेमसिंग आला, तांड्यातल्या पाचसहा बायाही आल्या. त्यांनी रीतीप्रमाणे गोल धरला. पहिला सूर कुणी धरायचा ते कुणाला कळेना. बेबीबाईला दोघींनी धरून आणलं होतं. तिनं नरड्यातून घरघर काढायचा प्रयत्न केला, पण तिला खोकल्याची उबळ आली आणि ती उबळ थांबेना. कुणीतरी तिला पाणी दिलं. सूर कुणीच धरला नाही. थोड्या वेळानं हेमसिंग म्हणाला, "उचला आता, ऊन व्हायलं," आणि माणसांनी हिरीबाईला उचललं.