न दिलेला हुकूम

आमचा संघ बचाव खेळायचा. याची मला तेव्हा लाज नव्हती आणि आज शहात्तराव्या वर्षीही नाही. कऱ्हाडला, सांगलीला लोक आम्हाला हसायचे. "आली बघा, कुंपण घालणारी," म्हणायचे. पण आमच्यावर एक गोल करताना त्यांना घाम फुटायचा. लाज वाटते ती गोष्ट वेगळी आहे आणि तीच इथे लिहायची आहे.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. मी फौजेतून हवालदार म्हणून परत आलो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. शाळेमागच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळायची, म्हणजे सगळी मिळून एका चेंडूमागे पळायची. मी पलटणीच्या संघात खेळलेलो. गावच्या मंडळानं संघ माझ्या हाती दिला आणि मी पहिल्या दिवसापासून मागच्या चौघांवर मेहनत घेऊ लागलो.

पद्धत साधी होती. चौघांनी आपल्या गोलसमोर एका आडव्या रेषेत उभं राहायचं. समोरच्या गड्यानं लांब पास द्यायला मान वर केली की चौघांनी मिळून दोन पावलं पुढे यायचं. पाससाठी आधीच पळत सुटलेला त्यांचा फॉरवर्ड मग चौघांच्या मागे एकटा उरतो आणि पंच ऑफसाइडची शिट्टी मारतो. पण चौघांतला एक जरी मागे राहिला तरी सगळं फुकट. फॉरवर्ड सुटतो आणि त्याच्यासमोर फक्त गोलकीपर उरतो.

म्हणून सरावाला मी चौघांच्या कमरेला उसाच्या गाडीचं चऱ्हाट बांधलं. मध्ये सात-आठ हात अंतर. एक जण उशिरा हलला की त्याला हिसका बसायचा, कधी चौघेही तोंडावर पडायचे. बांधावरून म्हातारे ओरडायचे, "आवं मेजर, बैलांना पानी तरी दावा!"

आणि मी त्यांना हुकूम शिकवला. कवायतीत हुकमाचे दोन भाग असतात. पहिल्यावर सावध व्हायचं, दुसऱ्यावर हलायचं. मी मैदानाबाहेरून लांब सूर लावायचो, "लाईऽऽन", आणि मग तोडून, "वर!" पहिला भाग ऐकला की वजन चवड्यांवर घ्यायचं, पण दुसरा येईपर्यंत जागा सोडायची नाही, डोळ्यांना काहीही दिसो. जाणते प्रशिक्षक म्हणतील की असं कुणी शिकवतं का, हुकूम रेषेतल्याच एकानं द्यायला हवा. बरोबर आहे त्यांचं. पण मला माझ्या आवाजाचा गर्व होता.

डावीकडे खेळणारा चौघांत सर्वात कमी बोलायचा. बौद्धवाडीतला, वय एकोणीस, कडेगावात वेल्डिंग शिकत होता. चऱ्हाट सोडल्यावरही ते बांधलेलंच आहे असा तो हलायचा. मध्ये खेळणारा उंच आणि बोलका, बागायती घरातला. तो आज मंडळाचा अध्यक्ष आहे. बाकीच्या दोघांबद्दल आत्ताच जास्त सांगत नाही, फक्त तेही त्या दिवशी रेषेत होते.

तो दिवस म्हणजे कऱ्हाडच्या स्पर्धेचा अंतिम सामना. बारा-तेरा वर्षं झाली. समोर सांगलीचा संघ, शेवटची काही मिनिटं राहिलेली, गोल कुणाचाच नाही. त्याच वेळी प्रमुख पाहुणे आले. आमच्या भागात पाहुणे आले की सत्कार सुरू होतात. सामन्यासाठी सत्कार थांबत नाहीत आणि सत्कारासाठी सामनाही थांबत नाही. माइकवरून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. माझं कधी येतं याकडे माझा एक कान होता. खोटं कशाला सांगू, पहिल्या नावापासून होता.

सांगलीच्या गड्यानं पास द्यायला मान वर केली. मी सूर लावला, "लाईऽऽन." आणि माइकवरून माझं नाव आलं.

कार्यकर्त्यानं माझा दंड धरला खरा, पण ओढलं नाही. मी स्वतःहून वळलो. माझ्या डोक्यावर फेटा ठेवला, हातात नारळ दिला, फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा." मी बघितलं. मागे मोठा ओरडा झाला. मी वळलो तेव्हा चेंडू आमच्या जाळीत होता.

"वर" मी म्हटलंच नव्हतं. तिघं आपल्या अंदाजानं पुढे गेले होते. एकटा डावीकडचा जागेवर होता, वजन चवड्यांवर घेऊन. तो ना चेंडूकडे बघत होता ना गोलकडे. माझ्याकडे बघत होता.

परतीच्या टेम्पोत उंच गडी भडकला. "ह्यो मागंच ऱ्हायला! झोपला व्हतास का रं?"

"हुकूम आला न्हाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मेजर, तुमी वर म्हनला न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फेटा अजून माझ्या डोक्यावर होता. मी म्हणालो, "मी म्हटलं होतं. तुला ऐकू आलं नाही."

एवढंच. हा दोष कुणाच्या माथी सहज बसेल हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. वाडीवरच्या पोराच्या शब्दापेक्षा मेजरचा शब्द गावात जड पडणार, हे टेम्पोतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यालाही. तिघांनी लगेच सांगितलं की त्यांना हुकूम स्पष्ट ऐकू आला. ते त्यांच्याही सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव पडलं, बहिरा. आधी चेष्टेत, मग सवयीनं. त्यानं मैदान सोडलं. वर्षभरानं आटपाडीकडून स्थळ आलं. पाहुण्यांनी गावात चौकशी केली, "पोरगं बहिरं हाय म्हनं?" कुणीतरी हसत हो म्हणालं. पाहुणे चहा घेऊन गेले ते परत आले नाहीत. लग्न जमायला पुढे चार वर्षं लागली. आता कडेगावच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि शाळेत त्याच्या मुलीला बहिऱ्याची पोरगी म्हणतात. तिला असं म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याच संध्याकाळी लिहायला बसलो.

निमित्तही आलं होतं. मंडळ स्मरणिका काढत होतं आणि अध्यक्षांनी, म्हणजे त्याच उंच गड्यानं, माझ्याकडे बचावाच्या पद्धतीवर दोन पानं मागितली होती. मी पाच लिहिली. ती वाचून अध्यक्ष घरी आले.

"मेजर, पहिली तीन पानं झ्याक हायेत. शेवटची दोन काढू."

"का?"

"आता ते उकरून कुनाचं भलं व्हनार हाय?"

"त्याचं."

"आनि आमी तिघं? आमी तवा हुकूम ऐकला म्हनून सांगितलंय. आमी खोटं पडतो की."

"पडा. मी पडतोय तसे पडा."

"गाव तुमाला देव मानतंय, मेजर. ह्या वयात कशाला..."

"ह्याच वयात. पुढचं कुणी पाहिलंय?"

ते हसले आणि माझ्या पायाला हात लावून उठले. "म्हातारपनात मानसाला कायबी आठवतंय," दारातून म्हणाले. छापलं तर पाचही पानं, नाहीतर एकही नाही, असं मी चिठ्ठीवर लिहून पाठवलं. एकही छापलं नाही.

मग मी ते कागद घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेलो. त्यानं काम थांबवून मला स्टूल दिलं. मी शेवटची दोन पानं वाचून दाखवली. तो लोखंडी फाटकाला टेकून ऐकत होता. संपल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांबा," तो म्हणाला. "हुकूम आला नव्हता हे मला त्याच दिवशी ठावं व्हतं. तुमी आज म्हनला म्हनून ते खरं झालं असं समजू नगा."

"नाही समजत."

"मग हितं मला कशाला वाचून दावताय? मला ऐकाया येतंय." त्यानं मैदानाच्या दिशेनं हात केला. "वाचायचंच आसंल तर मैदानात वाचा. जितं बहिरा म्हनत्यात तितं. आनि माझी दया आल्यागत वाचू नगा."

गेल्या रविवारी मैदानावर गावच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी खिशातून कागद काढले. फेट्यापर्यंत आलो तेव्हा खालून कुणीतरी ओरडलं, "आवं मेजर, म्याच सुरू करायची हाय!" मी वाचत राहिलो. टेम्पोतल्या ओळीवर आलो तेव्हा अध्यक्ष उठले, मंडपवाल्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि माइक बंद पडला.

तो पलीकडच्या गोलपोस्टजवळ उभा होता, मुलीचा हात धरून. मी त्याला पुढे बोलावलं नाही. तोही आला नाही.

"बसा मेजर, झालं आता," अध्यक्ष हळूच म्हणाले. त्यांचा हात माझ्या दंडावर होता. या वेळी मी वळलो नाही.

"झालं नाही," मी म्हणालो. तेवढ्यात त्या दिवशीच्या रेषेतला तिसरा गडी गर्दीत उठून उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "मेजर वर म्हनलेच न्हाईत," तो म्हणाला. "मी आपला तसाच पळालो. वाचू द्या त्येंना."

मागच्या लोकांत गलका झाला. "काय म्हनला? ऐकाया आलं न्हाई! मोठ्यानं!"

माइक मेला होता, पण परेडच्या मैदानावर मला कधी माइक लागला नव्हता. मी छातीत हवा भरली, पान उलटून टेम्पोच्या ओळीवर परत आलो आणि ती पहिल्यापासून वाचायला लागलो.