जावईबापूंचा आरसा

ऑफिसात सगळे तिला ड्रॉइंगबाई म्हणायचे. कपाटं आणि टेबलं बनवणाऱ्या कंपनीत ती नकाशे काढायची, आणि तोंडाने फटकळ म्हणून तिची ख्याती होती. माप चुकलं की सुतार तिच्यासमोर यायला कचरायचे. जुने मालक म्हणायचे, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा कपाट मोडून पुन्हा केलेलं सोपं.

मालकांना झटका आला, ते अंथरुणाला खिळले, आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचा जावई येऊन बसला. पाठीमागे तो लगेच ‘जावईबापू’ झाला, कारण मानपानही त्याला तसाच लागायचा. तो आला की सगळ्यांनी उठायचं. तो बोलत असताना घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. कुणी ‘पण’ म्हणालं की तो हात वर करून हसायचा, आणि ते हसू शिवीपेक्षा लागायचं. एका म्हाताऱ्या सुताराने त्याच्याशी हुज्जत घातली, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. त्यानंतर ऑफिसातून ‘पण’ हा शब्दच हद्दपार झाला. ड्रॉइंगबाईच्या तोंडूनही. तिच्या नवऱ्याचं दुकान बसलं होतं आणि घर तिच्या पगारावर चालत होतं.

मग जावईबापूंनी दर सोमवारी ‘आरसा’ सुरू केला. काचेच्या खोलीत एकाने मधोमध उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याचा एकेक दोष सांगायचा. दोष नाही म्हणणारा लबाड. त्याला पुढच्या सोमवारी उभं करायचं.

एका सोमवारी स्टोअरवालीची पाळी आली. बिजागऱ्या, स्क्रू, हँडलं यांचं कोठार सांभाळणारी ती बाई ड्रॉइंगबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचा डबा इतकी वर्षं एकत्र, एकीच्या घरातली कुरबुर दुसरीला पाठ. आदल्या सोमवारी ड्रॉइंगबाई ‘मला काही सुचत नाही’ म्हणाली होती, आणि जावईबापूंनी ‘या वेळी सोडतो’ म्हणून ते लक्षात ठेवलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते. 

“ती दुपारी प्लायच्या थप्पीमागे झोपते,” ड्रॉइंगबाई म्हणाली.

खरंच होतं ते. स्टोअरवालीचे वडील अंथरुणात होते, रात्रभर हाका मारायचे, म्हणून जेवल्यावर ती जरा पाठ टेकायची. ड्रॉइंगबाईच तोवर दारात लक्ष ठेवायची. जावईबापूंनी कोठाराची किल्ली तिथेच काढून घेतली, स्टोअरवालीला ऑफिसच्या दारापाशी, सगळ्यांच्या नजरेसमोर टेबल दिलं, आणि ड्रॉइंगबाईचं कौतुक केलं. अशी सचोटी हवी, म्हणाले.

 दुसऱ्या दिवसापासून स्टोअरवाली जिन्यात बसून एकटी जेवू लागली. ड्रॉइंगबाईने मनाशी घोकलं, किल्लीच गेली ना, नोकरी तर आहे. पण घरी तिची चिडचिड वाढली. पाहुण्यांसमोर तिने नवऱ्याला त्याचे दोष ऐकवले, तेही अगदी शांतपणे, हसत. पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “भांडायचं तर पूर्वीसारखं भांड. हे हसणं घरात आणू नकोस.” तिने रागाने दार आपटलं, पण सासूबाईंचा शब्द जिव्हारी लागला होता.

पुढे एका वृद्धाश्रमाच्या कपाटांचं काम आलं. फोटोत छान दिसतात म्हणून सगळे कप्पे उंच घ्या, असा जावईबापूंनी हुकूम सोडला. एकाही म्हाताऱ्याचा हात तिथवर पोचणार नाही हे ड्रॉइंगबाईला दिसत होतं. ती गप्प बसली आणि सांगितलं तसं काढून दिलं. वृद्धाश्रमाने कपाटं जशीच्या तशी परत पाठवली. त्या सोमवारी मधोमध उभी होती ड्रॉइंगबाई.

एकेकाने मनसोक्त उट्टं काढलं. उद्धट, चुगलखोर, साहेबांची लाडकी. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते, आणि आपण यांना इतक्या नकोशा झालो आहोत हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी उरली स्टोअरवाली.

ती जावईबापूंकडे वळली. “कप्पे उंच घ्यायला तुम्ही सांगितलंत. मी तिथेच दाराजवळच्या टेबलापाशी होते. चूक तुमची आहे, सर.”

जावईबापूंनी हात वर केला, हसले, आणि तिला आवरून निघायला सांगितलं.  ड्रॉइंगबाईचा जुना आवाज कुठूनसा वर आला.

“ती खरं बोलते. आणि ते हसू बंद करा. ते बघून मळमळतं.”

दोघींना एकदमच बाहेर काढलं. फाटकाबाहेर ड्रॉइंगबाईने मैत्रिणीचा हात धरायला हात पुढे केला, तर तिने पिशवी मध्ये घेतली.

“तुझ्यासाठी बोलले नाही,” स्टोअरवाली म्हणाली. “मला तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं, म्हणून बोलले. तू माझ्या वाटेला येऊ नकोस.”

ती गेली. ड्रॉइंगबाई नंतर दोनदा तिच्या घरी जाऊन आली. दार काही उघडलं नाही, आतून फक्त म्हाताऱ्याच्या हाका ऐकू येत होत्या. जावईबापू अजून त्याच खुर्चीत आहेत, आणि आरसाही चालूच आहे म्हणतात.

गेटवरून परत पाठवलेल्या त्या म्हाताऱ्या सुताराने स्वतःचं छोटंसं वर्कशॉप टाकलं होतं. ड्रॉइंगबाई आता तिथे नकाशे काढते. भुसा नाकातोंडात जातो, पगार कमी आहे. म्हातारा दिवसभर खेकसतो, तीही तेवढ्याच जोरात खेकसते, आणि कपाट दोघांपैकी कुणाच्या तरी म्हणण्याप्रमाणे नीट उभं राहतं. घरी मात्र कधीकधी मैत्रिणीचा जिन्यातला एकटा डबा आठवतो आणि ती जेवता जेवता थांबते. नवरा विचारतो, काय झालं. ती काही नाही म्हणते आणि ताट बाजूला सारते.