तोडलेल्या हाताची नोंद

आमच्या घराण्यात आधी हात चालतो, मग कान. मीही त्याच रक्ताची. बुलढाण्याला शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा खडू फेकून मारण्यात माझा हात कोणी धरत नसे, आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी दिराच्या पाठीत लाटणं घातलं होतं. त्याची त्याला आजही आठवण आहे आणि मला त्याचा आजही पस्तावा नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की शिकलेली बाई माहेरच्या आडदांडांना शहाणपण शिकवायला निघाली.

माहेर देऊळघाटच्या बाजूला. आमच्या घराच्या अगदी समोर जे घर आहे त्यांचं आमचं वैर चार पिढ्यांचं. त्यांचे पणजोबा आणि आमचे पणजोबा एका ताटात जेवणारे मित्र होते. एका नापिकीच्या साली दोघं मिळून चांद्याकडं, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडं, कोळशाच्या खाणीत कामाला गेले. परत आले ते एकटे समोरच्यांचे पणजोबा. आमच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “म्याच घातली कुराड त्याच्यावर.” पुढं त्यांना कोणी बोलू दिलं नाही. आमच्या पणजोबांच्या भावांनी जुवाची शिवळ, बैलाच्या मानेशी अडकवायचा लाकडी दांडा, उपसली आणि त्यांच्या तोंडावर घातली. खालचा जबडा मोडला. माणूस जगला, पण पेजेवर, आणि बोलायचा ते घरच्यांनाही धड कळत नसे. आमचे काका ही गोष्ट सांगताना शिवळ कशी फिरवली ते हात फिरवून दाखवायचे आणि आम्ही पोरं खूश होऊन टाळ्या वाजवायचो.

तेव्हापासून पोळा म्हणजे आमच्या गल्लीत टाके घालायचा सण. सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली जमतात. पहिली मानाची जोडी पाटलाची. तिच्यामागं आमची की समोरच्यांची, यावर दर वर्षी डोकी फुटतात. बैल बिचारे झूल पांघरून, शिंगं रंगवून शांत उभे असतात आणि माणसं एकमेकांना शिंगावर घेतात.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला माझ्या धाकट्या भावानं जोडी मधे घुसवली आणि समोरच्या घरातल्या माणसाच्या कानशिलावर काठी हाणली. तो माणूस रक्तानं भरल्या तोंडानं वळला. त्याच्या हातात बैल हाकायची पराणी होती. तिच्या टोकाची लोखंडी आर भावाच्या डाव्या डोळ्यात गेली. मी तिथंच होते. तो आवाज मला सांगता येत नाही आणि सांगायचाही नाही. अकोल्याला नेलं, पण डोळा गेला. पोलिसांत दोन्हीकडून तक्रार झाली आणि दोन्हीकडून मागं घेतली गेली, कारण असला हिशेब पोलिसांवर सोडणं दोन्ही घरांना कमीपणाचं वाटतं.

भाऊ बरा झाला आणि पहिलं काम काय केलं, तर लोहाराकडून बोटभर लांब आर करून आणली. “येत्या पोळ्याले त्याचे दोनी काढतो,” म्हणाला. भावजय माझ्यापुढं रडली. दोन पोरी पदरात, आणि हा तुरुंगात जाऊन बसला तर त्यांनी काय करायचं? मी भावाला खूप शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि म्हणाला, “ताई, तुले इंग्रजी येते. त्याच्या पणज्यानं आपल्या पणज्याले तोडलं, हे कुठंतरी छापलं असंन. ते आण. तोरणाखाली सगळ्याइच्या समोर वाचू. मंग मी काठी ठेवतो.”

मला ते पटलं. भाऊ घरी राहावा आणि समोरच्यांनी भर गावात मान खाली घालावी, मला दोन्ही पाहिजे होतं. डोळा आमचा गेला होता.

नागपूरच्या एका जुन्या ग्रंथालयात इंग्रजांच्या वेळच्या खाण निरीक्षकांचे अहवाल आहेत. पानं हात लावला की चुरा होतात. अपघाताला दोन-चार ओळी. छत कोसळून चिरडला. दोर तुटून खाणीत उतरायचा पाळणा खाली आदळला, आतले सगळे गेले. कोळशाच्या सुटलेल्या डब्याखाली मायलेकी सापडल्या. सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला गेला आणि उडाला. मरणाऱ्याचं नाव कुठंच नाही, फक्त ‘मजूर’. मॅनेजरसाहेबांचं नाव मात्र ठळक. आणि शेवटी बहुतेक ठिकाणी एकच वाक्य: चूक मयताची. छत त्याच्या डोक्यावर पडलं आणि चूक त्याची! मी पुस्तक असं आपटलं की ग्रंथपाल उठून आले. संध्याकाळी नागपूरला राहणाऱ्या बहिणीच्या घरी जेवायला बसले तर भाताकडं बघवेना.

खून मी शोधत होते, खून सापडत नव्हता. सापडला तो एक हात.

चांद्याकडचीच खाण. ही नोंद मात्र अर्धं पान होती, वाचलेल्या मजुराच्या जबानीसकट. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात आणि शेवटी मागं सरकत तेही काढून घेतात. सगळ्यात घातकी काम ते. वऱ्हाडातले दोन मजूर तिथं होते. छताची एक शिळा सुटली आणि एकाचा उजवा हात कोपरापर्यंत तिच्याखाली चिणला गेला. वरचं छत तडकत होतं. बाकीचे पळाले. दुसरा मजूर पळाला नाही. पहारीनं शिळा हलेना. अडकलेल्यानं त्याला सांगितलं, हात तोड. त्यानं नकार दिला. अडकलेल्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं टेकूची लाकडं तोडायच्या कुऱ्हाडीनं त्याचा हात तोडला आणि त्याला पाठीवर घेऊन निघाला. मागं छत बसलं. वर पोचण्याआधी रक्त जाऊन जखमी मेला. टेकू वेळेवर न लावल्याबद्दल चूक मयताची.

साल आमच्या घरच्या हिशेबाशी जुळत होतं. वऱ्हाड जुळत होतं, कुऱ्हाड जुळत होती. नाव नव्हतं, पण मला खात्री पटली. तो माणूस पुढं काय सांगायला आमच्या अंगणात आला होता ते मला कळलं होतं. त्याच्या पाठीवर आमचा माणूस मेला होता, आणि आम्ही त्याचं तोंड फोडलं. वर चार पिढ्या टाळ्या वाजवल्या.

माहेरी पोचले ती पोळ्याची आदली संध्याकाळ. भाऊ गोठ्यात बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होता. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” असं त्यांना प्रेमानं सांगत होता. नवी पराणी भिंतीला टेकलेली होती.

“सापडलं का?” त्यानं विचारलं.

मी वाटेतच ठरवलं होतं की कुऱ्हाडीचं नाव आधी काढायचं नाही. सुरुवात पाठीवरून केली. त्यानं आपल्या पणजोबाला पाठीवर घेतलं, बाकीचे पळाले तरी तो पळाला नाही. मग छत, मग शिळा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी कुऱ्हाड. भाऊ चोळता चोळता थांबला होता. मी म्हटलं, “आपल्या लोकांनी फुकट मारलं त्याला.”

त्यानं मला थोबाडीत मारली. लोणी-हळदीच्या हातानं, सगळा जोर लावून. मी गव्हाणीवर आदळले, ओठ फाटला. मी थोरली बहीण, आजवर त्यानं माझ्यावर आवाजही चढवला नव्हता. माझा हात आपोआप शेणाच्या खोऱ्यावर गेला होता. देवाशपथ, उचलला असता. पण त्याचं तोंड बघितलं आणि खोरं सोडून दिलं. जे वर्षभर त्यानं समोरच्यासाठी राखून ठेवलं होतं ते माझ्यावर निघालं होतं, आणि निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमची जोडी समोरच्यांच्या मागं उभी राहिली. भावाच्या हातात नुसता कासरा होता. समोरचा माणूस पराणी घट्ट धरून सारखा मागं वळून बघत होता. त्याला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, ते काम माझ्याकडं होतं. बघ्यांची मात्र निराशा झाली. एकजण तर म्हणालाही, “काऊन बे, औंदा काहीच नाही?”

बैलांना पुरणपोळीचा घास देऊन झाल्यावर भाऊ जेवायला बसला. पोरी बाजूला होत्या. मी सुजलेल्या तोंडानं वाढत होते. त्यानं पोळी मोडली, हातातच धरून ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “मंग हा डोया कायच्यासाठी गेला, ताई?”

मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. ते बघून तो मान खाली घालून जेवायला लागला. तुपाची वाटी मी चुकून त्याच्या डाव्या हाताला ठेवली होती. त्याला ती दिसली नाही, कोपर लागून सांडली. मी फडक्यानं पुसून घेतलं आणि दुसरी वाटी भरून उजवीकडं ठेवली.